मायक्रोबायोलॉजीच्या कॉन्फरन्समधली चर्चासत्रं: नाव नोंदवण्यापासून परतीच्या ई-मेलपर्यंत

कॉन्फरन्सहून परतलेल्या मुलांना मी सोमवारी डिपार्टमेंटमध्ये एकच प्रश्न विचारतो: कोण भेटलं? उत्तर बहुतेक वेळा पिशवी, पेन, जेवण आणि बॅनरसमोरच्या ग्रुप फोटोभोवती फिरत राहतं. मोठ्या व्याख्यानांना सगळे बसलेले असतात. पण सीव्ही तपासून देणारी कार्यशाळा, राउंड टेबल, पोस्टरपुढची चर्चा, म्हणजे जिथं आपल्या कामाबद्दल कोणी दोन गोष्टी सांगू शकतं, तिथं आपली मुलं नसतात. असली तरी मागच्या रांगेत, गप्प. “सर, तिथं सगळे इंग्रजीतच बोलायलेत, मी काय बोलू?” हे मी नांदेडच्या मुलाकडूनही ऐकलंय आणि लातूरच्या मुलीकडूनही.

इंग्रजीचं कारण अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं म्हणजे उशीर. या सत्रांची तयारी दोन महिने आधी सुरू करावी लागते, आणि आपण ती गाडीत बसल्यावर सुरू करतो. खालचा क्रम मराठवाड्यातल्या कॉलेजांतून जाणाऱ्या एम.एस्सी.च्या मुलांसाठी, पीएच.डी. करणाऱ्यांसाठी आणि सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवणाऱ्यांसाठी लिहिला आहे.

## टप्पा १: कार्यक्रमपत्रिका मागून वाचा (दोन महिने आधी)

पत्रिका हातात आली की आपण ॲबस्ट्रॅक्टची (कामाच्या सारांशाची) तारीख शोधतो आणि फाईल बंद करतो. चर्चासत्रं आणि कार्यशाळा पत्रिकेच्या मागच्या पानांवर असतात. त्यांचे प्रकार आधी ओळखा, कारण प्रत्येकात तुमच्याकडून वेगळं काही अपेक्षित असतं.

पॅनल चर्चेत मंचावरचे चार-पाच जण बोलतात आणि श्रोत्यांना शेवटची थोडी मिनिटं मिळतात. राउंड टेबलला एका टेबलाभोवती आठ-दहा माणसं बसतात, तिथं गप्प राहिलं तर ते सगळ्यांना दिसतं. कार्यशाळेत हातानं काहीतरी करायचं असतं: सीव्ही, संशोधन प्रस्तावाचा सारांश, पेपरची आकृती. तिथं जागा मोजक्या आणि नोंदणी बहुधा वेगळी. कित्येकदा ती उद्घाटनाच्या आदल्या दिवशीच असते.

सावधान: मुख्य रजिस्ट्रेशन झालं म्हणजे कार्यशाळेतही नाव गेलं, असं धरून चालू नका. दोन फॉर्म, दोन पावत्या. दुसरी पावती हातात नसेल तर तुमचं नाव यादीत नाही असंच समजा.

## टप्पा २: दिवसाला दोन, त्यापेक्षा जास्त नाही

सगळं बघायचं म्हणून निघालेला माणूस दुपारी तीनला लॉनवर चहा पीत बसलेला सापडतो. दिवसाला एक चर्चा आणि एक व्याख्यान नीट ऐका.

निवड गरजेवरून करा. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असाल आणि वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्यांमध्ये क्वालिटी कंट्रोलला जायचं असेल, तर उद्योगातल्या माणसांचं सत्र धरा. मेटाजिनोमिक्सच्या (नमुन्यातल्या सगळ्या सूक्ष्मजीवांचा डीएनए एकत्र वाचण्याच्या) व्याख्यानातून तुम्हाला तिथला मुलाखतीचा प्रश्न मिळणार नाही. जैविक खतांकडे वळायचं असेल तर कृषी सूक्ष्मजीवशास्त्राची चर्चा चुकवू नका. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स आपल्या भागातले शेतकरी रांग लावून नेतात, त्यामुळे निदान हा विषय तरी आपल्याला परका नाही. पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांनी पेपर लेखनाचं सत्र घ्यावं. सीएचबीवाल्यांनी निधीचं. तिथं प्रस्ताव कोण पाठवू शकतं, कायम नोकरी नसताना काय करता येतं, हे तोंडावर विचारता येतं, आणि हे कुठल्याच माहितीपत्रकात नीट लिहिलेलं नसतं.

एकाच कॉलेजचे पाच जण जात असाल तर पाच वेगळी सत्रं वाटून घ्या. पाचही जण एकाच रांगेत एकमेकांशेजारी बसले तर पाच तिकिटं काढल्याचा काय उपयोग?

## टप्पा ३: रजा, तिकीट, पावती

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. मुंबईकडे देवगिरी किंवा नंदीग्राम, दिल्लीकडे सचखंड, यांची वेटिंग लिस्ट किती झपाट्यानं वाढते ते सांगायला नको. टप्पा १ मधली कार्यशाळा आदल्या दिवशी असेल तर तिकीटही एक दिवस आधीचंच हवं. हीच चूक सगळ्यात जास्त होते: कार्यशाळेत नाव आहे, पैसे भरलेत, आणि गाडी पोहोचते ती कार्यशाळा सुटल्यावर.

शिक्षकांनी कर्तव्य रजेचा अर्ज ॲबस्ट्रॅक्ट स्वीकारल्याच्या पत्रासह निघायच्या आधी द्यावा. आल्यावर दिलेला अर्ज ऑफिसात फिरत राहतो.

तपासा: कार्यशाळेची वेळ, गाडी पोहोचायची वेळ आणि मुक्कामाचं ठिकाण एका कागदावर लिहा. तिन्ही जुळतात का ते दुसऱ्या कोणाला वाचायला द्या.

## टप्पा ४: स्वतःच्या कामाची चार वाक्यं

“मी अमुक कॉलेजची विद्यार्थिनी, माझा विषय अमुक” एवढ्यावर ओळख संपली की समोरचा माणूस मान डोलावतो आणि पुढं जातो. चार वाक्यं तयार ठेवा: कशावर काम करता, काय केलं, काय मिळालं, कुठं अडलंय. चौथ्या वाक्यावर गप्पा सुरू होतात, आणि आपण नेमकं तेच झाकतो.

एक उदाहरण सांगतो. आमच्या एका विद्यार्थिनीनं सोयाबीनच्या शेतातल्या मातीतून फॉस्फेट विरघळवणारे जिवाणू वेगळे केले होते (असे वेगळे केलेले जिवाणू म्हणजे आयसोलेट्स). तिनं आधी लिहून आणलेलं वाक्य असं: “माझे आयसोलेट्स अतिशय कार्यक्षम आहेत.” ते काढून टाकलं आणि हे ठेवलं: “पिकोव्हस्कायाच्या माध्यमावर छान वलय येतं, पण कुंडीतल्या रोपात काहीच फरक दिसत नाही, कारण कळत नाही.” राउंड टेबलवर ती हे बोलली तेव्हा समोरच्या एका ज्येष्ठ बाईंनी चहाचा कप खाली ठेवून विचारलं, “माध्यम बफर केलं होतंस का?” केलं नव्हतं, म्हणजे आम्ल आलं तरी पीएच स्थिर ठेवणारं काही त्यात घातलं नव्हतं. प्लेटमध्ये जिवाणू आम्ल सोडतो, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट विरघळतं, वलय दिसतं, कारण त्या आम्लाला अडवणारं तिथं काही नसतं. आपल्या काळ्या चुनखडीयुक्त जमिनीत तेवढं आम्ल मातीच पिऊन टाकते, पीएच जागचा हलत नाही. पाच मिनिटांचं बोलणं. परत आल्यावर तिनं बफर घातलेल्या माध्यमात सगळे आयसोलेट्स पुन्हा लावले आणि निम्म्याहून जास्त गळाले. उरले ते कामाचे होते.

ही चार वाक्यं आधी मराठीत लिहा. मराठीत नीट उतरली नाहीत तर ती इंग्रजीत काय उतरणार. मग इंग्रजीत लिहा, आणि डिपार्टमेंटमधल्या प्रयोगशाळा सहायकाला म्हणून दाखवा. त्याला कळलं तर कोणालाही कळेल.

## टप्पा ५: आकडे घरीच तपासून घ्या

या टप्प्याला सर्वात जास्त वेळ द्या. पोस्टरपुढच्या चर्चेत माणूस इंग्रजीमुळे क्वचित अडखळतो. तो अडखळतो पहिल्याच साध्या प्रश्नावर, आणि ते साधे प्रश्न ठरलेले असतात.

प्रतिजैविकांवरचं काम असेल तर. आपल्याकडच्या निम्म्या पोस्टरांवर ‘मल्टिड्रग रेझिस्टंट’ असतंच. त्याची व्याख्या काय, असं विचारलं की औषधाच्या तीन चकत्यांना दाद न देणारा जिवाणू, असं उत्तर येतं. ते चूक आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेली आणि सगळीकडे वापरली जाणारी व्याख्या अशी: प्रतिजैविकांच्या किमान तीन वेगळ्या गटांमध्ये, प्रत्येक गटातल्या निदान एका औषधाला दाद न देणं, आणि तीही कमावलेली. एकाच गटातली तीन औषधं मोजून चालत नाही. जन्मजात प्रतिकारही मोजायचा नाही. क्लेबसिएला न्यूमोनी ॲम्पिसिलिनला मुळातच दाद देत नाही. “शंभर टक्के क्लेबसिएला ॲम्पिसिलिनला रेझिस्टंट आढळले” हा निष्कर्ष म्हणजे मासे शंभर टक्के पोहताना आढळले, असं म्हणण्यासारखं आहे.

पुढचे प्रश्न: म्युलर-हिंटन आगरची जाडी किती होती (४ मिलिमीटर हवी), कल्चरची गढूळता ०.५ मॅकफारलंडला जुळवली होती का, झोनचा (चकतीभोवतीच्या जिवाणू न वाढलेल्या वर्तुळाचा) व्यास कुठल्या तक्त्यावरून वाचला? “चकत्यांच्या डबीबरोबर आलेल्या कागदावरून” हे उत्तर देऊ नका. सीएलएसआय किंवा युकास्ट या मानकांपैकी एक नाव आणि त्या आवृत्तीचं वर्ष सांगता आलं पाहिजे. स्टॅफिलोकोकस ऑरिअससाठी व्हँकोमायसिनची चकती वापरली असेल, किंवा कोलिस्टिनची चकती लावून निष्कर्ष काढला असेल, तर तो रकाना पोस्टरवरून काढून टाका. दोन्हींसाठी चकतीवर भरवसा ठेवता येत नाही, ब्रॉथ मायक्रोडायल्यूशननं एमआयसी (वाढ थांबवणारी औषधाची किमान मात्रा) काढावी लागते. न केलेल्या कामाबद्दल कोणी ओरडत नाही. चुकीच्या पद्धतीनं केलेलं काम मात्र लगेच उघडं पडतं.

जिवाणूची ओळख १६एस आरआरएनए या जनुकावरून केली असेल तर. पूर्ण जनुक साधारण १५०० बेसचं आहे. एका रीडमध्ये मिळालेल्या सात-आठशे बेसवर प्रजाती ठामपणे लिहिली असेल तर विचारणा होणारच. ई. कोलाय आणि शिगेला हे या जनुकावरून वेगळे सांगता येत नाहीत. बॅसिलस सबटिलिसच्या गोतावळ्यातही तीच अडचण. शंका असेल तिथं फक्त जीनसचं नाव लिहा आणि तसंच सांगा.

लोणार सरोवरावर काम असेल तर. लोणार बुलढाण्यात, म्हणजे विदर्भात, पण छत्रपती संभाजीनगर-जालन्याकडून तिथं नमुने आणायला जाणारे आपण इतके आहोत की ते आपलंच वाटतं. पाण्याचा पीएच दहाच्या आसपास, २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, हे ऐकणाऱ्याला आधीच माहीत असतं. तुमचं काम आधीच्या लोणारच्या कामापेक्षा कुठं वेगळं आहे, हे एका वाक्यात सांगायची तयारी ठेवा. आणि ते अभयारण्य आहे, तेव्हा नमुने घ्यायला वन विभागाची परवानगी होती का, हाही प्रश्न येतो.

तपासा: पोस्टरवरचा प्रत्येक आकडा बोटानं दाखवून “हा कुठून आला?” असं मित्राला विचारायला लावा. ज्या आकड्याला वहीत पान सापडत नाही, तो आकडा खोडा.

## टप्पा ६: प्रश्न लिहून न्या

प्रत्येक निवडलेल्या सत्रासाठी दोन प्रश्न, एका कार्डावर. “एएमआरबद्दल (प्रतिजैविकांना होणाऱ्या प्रतिकाराबद्दल) आपलं मत काय?” हा प्रश्न नव्हे. वक्ता त्यावर दहा मिनिटं बोलेल आणि तुमच्या हाती काही लागणार नाही. असं विचारा: “आमच्याकडे उणे ८० अंशांचा फ्रीझर नाही, वीज रोज जाते. आयसोलेट्स वर्षभर टिकवायला किमान काय करावं?” अशा प्रश्नानं सभागृहातल्या अर्ध्या लहान कॉलेजांचं काम होतं. तिथल्या तिथं तीन वेगळी उत्तरं येतात आणि वाद सुरू होतो. ग्लिसरॉल स्टॉकवाले एकीकडे, पॅराफिनखाली स्लँट (नळीतल्या तिरप्या आगरवरचं कल्चर) ठेवणारे दुसरीकडे. अशा वादातूनच खरी माहिती मिळते.

प्रश्न दोन वाक्यांपेक्षा मोठा नको. आधी स्वतःचा पाच मिनिटांचा परिचय आणि शेवटी प्रश्नच नाही, ही सवय विद्यार्थ्यांपेक्षा आम्हा प्राध्यापकांना जास्त आहे, हे कबूल करतो.

## टप्पा ७: पोस्टर, सीव्ही आणि फ्लेक्सवाला

पोस्टरचं माप आयोजकांनी दिलेलंच घ्या. उभं की आडवं, तेही बघा. फ्लेक्सच्या दुकानात फाईल देताना ती पीडीएफ करूनच द्या. आमचं एक पोस्टर आम्ही प्रेझेंटेशनच्या फाईलमध्येच दिलं होतं. ‘म्यू’ हे चिन्ह सिम्बॉल फॉन्टमध्ये टाकलेलं, दुकानातल्या संगणकावर तो फॉन्ट उघडला नाही, आणि प्रत्येक मायक्रोग्रॅमचा मिलिग्रॅम झाला. हजारपट डोस. कॉन्फरन्सच्या हॉलमध्ये पोस्टर टांगल्यावर ते दिसलं. नंतर स्केच पेननं एकेका एमला शेपूट काढत बसलो, सव्वीस ठिकाणी.

तपासा: छापलेल्या पोस्टरवर म्यू, अंश आणि अधिक-उणेची चिन्हं, तसंच जिवाणूंच्या नावांची तिरपी अक्षरं दुकानातच बघा. पैसे त्यानंतर द्या.

पोस्टरच्या ए-फोर आकाराच्या दहा रंगीत प्रती सोबत ठेवा. सीव्ही एका पानाचा, दोन प्रती. त्यात ‘फावल्या वेळेतले छंद’ नकोत, वडिलांचं नाव आणि जातीचा रकानाही नको. कोणती तंत्रं स्वतःच्या हातानं केली आहेत आणि कोणती फक्त पाहिली आहेत, हे वेगळं लिहा. सीव्ही कार्यशाळेतला माणूस तिथंच बोट ठेवतो.

सावधान: वाढलेली प्लेट किंवा स्लँट “दाखवायला” म्हणून पिशवीत घालून रेल्वेनं नेऊ नका. फोटो न्या.

## टप्पा ८: सत्राच्या दिवशी

दहा मिनिटं आधी जा, आणि मधल्या वाटेच्या कडेला तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसा. माइक तिथून जातो. पॅनलमध्ये पहिला हात वर करणाऱ्याला वेळ मिळतो, शेवटच्याला “चहाच्या वेळी बोलू” हे उत्तर मिळतं. कार्डावरचा प्रश्न बघून वाचला तरी चालतो, कोणी हसत नाही. इंग्रजी अडलं तर हिंदीत पुरा करा. परराज्यातली मुलं बिनधास्त करतात, संकोच फक्त आपल्याला असतो.

राउंड टेबलला पहिल्या पाच मिनिटांत एकदा बोला, भले फक्त ओळख असो. उशीर होईल तसं तोंड उघडणं जड जातं. कोणी वेगानं बोललं आणि कळलं नाही, तर “म्हणजे तुम्ही असं म्हणता का की…” म्हणून आपल्या शब्दांत परत सांगा. चुकलं तर तो दुरुस्त करेल.

पोस्टरच्या वेळी पोस्टरपाशी उभं राहा. हे सांगावं लागतं, याचंच वाईट वाटतं. जेवणाची रांग त्याच वेळी लागलेली असते आणि परीक्षकही त्याच वेळी फिरतात. दोघं असाल तर आळीपाळीनं जेवा. कोणी आलं की पाठ केलेलं पूर्ण भाषण सुरू करू नका. “तुम्ही कशावर काम करता?” असं आधी विचारा, मग त्याला लागेल तेवढंच सांगा.

भेटलेल्या प्रत्येक माणसाचं नाव, संस्था आणि त्यानं सांगितलेली एक गोष्ट त्याच क्षणी वहीत लिहा. कार्ड खिशात टाकलं की संध्याकाळी पाच कार्डांतलं कोण काय बोललं ते आठवत नाही.

## टप्पा ९: कोणी कल्चर मागितलं तर

चांगलं काम असेल तर मागतात. हुरळून जाऊन “पाठवतो सर” म्हणू नका. “गाईडना विचारून कळवते” हे पुरेसं उत्तर आहे. देशातल्या संस्थेला द्यायचं असेल तरी आधी लेखी करार करा. आयसोलेट आधी पुण्याच्या एनसीएमआरसारख्या किंवा चंदीगडच्या एमटीसीसीसारख्या संग्रहात ठेवला, तर त्याला क्रमांक मिळतो आणि तो कोणाचा हा वाद राहत नाही. परदेशी माणसाला किंवा संस्थेला द्यायचं असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. खिशातून एपेनडॉर्फ (छोटी नळी) काढून देण्याची गोष्ट नव्हे.

दुसऱ्याच्या पोस्टरचा फोटोही विचारून काढा.

## टप्पा १०: परत आल्यावर दोन दिवसांत

ई-मेल ४८ तासांच्या आत जायला हवा. आठवड्यानं पाठवलेल्या ई-मेलला “कोण बरं ही?” असं होतं. विषयाच्या ओळीत कॉन्फरन्सचं नाव आणि बोलण्याचा मुद्दा. पहिल्या वाक्यात कुठं भेटलो: “राउंड टेबलला फॉस्फेटच्या वलयाबद्दल विचारणारी मीच.” दुसऱ्यात, त्यांच्या सल्ल्यावर काय करणार आहात. तिसऱ्यात एकच विनंती, नेमकी: एखादी पद्धत किंवा एखादा पेपर. “मार्गदर्शन करावे” एवढंच लिहिलं तर उत्तर येत नाही, कारण कशाचं मार्गदर्शन ते समोरच्याला कळत नाही. सीव्ही मागितला नसेल तर जोडू नका.

उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण करा. दुसऱ्यांदा करू नका.

त्याच आठवड्यात डिपार्टमेंटमध्ये अर्धा तास बसा आणि वाटून घेतलेल्या पाच सत्रांतलं प्रत्येकानं एकमेकांना सांगा. पुढच्या वर्षी जाणाऱ्या मुलांनाही बोलवा. त्यांचा टप्पा १ तिथंच सुरू होतो.

शेवटी ऑफिस. हजेरीचं प्रमाणपत्र, रजिस्ट्रेशनची आणि कार्यशाळेची अशा दोन्ही पावत्या, तिकीट, सगळं एकत्र द्या. लॉजच्या आणि हॉटेलच्या थर्मल कागदावरच्या पावत्या उन्हाळ्यात महिन्याभरात कोऱ्या होतात, म्हणून आल्या दिवशीच त्यांची झेरॉक्स काढून मूळ पावतीला टाचा. एक प्रत स्वतःजवळ ठेवा, कारण टीए-डीएचं बिल मार्चच्या आधी निघेलच असं नाही.